कमांड देऊन कंट्रोल चार्ट काढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साकीनाक्याच्या एका गाळ्यात मी क्वालिटी बघते. खाली चार सीएनसी लेथ आणि दोन मोल्डिंग मशीन, वर माळ्यावर केबिन, केबिनमध्ये एक संगणक. आजूबाजूच्या गाळ्यांतले नवीन लागलेले डिप्लोमावाले, इन्स्पेक्टर, कधीकधी स्वतः मालकसुद्धा पेन ड्राइव्ह घेऊन जिना चढून येतात आणि फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. दरवेळी चहा गार होतो, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली.

एक खुलासा आधीच करते. कमांडची नावं इथे मी देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांतच करायची. आणि आकडेसुद्धा इंग्रजी अंकांतच भरा. एका ट्रेनीने आख्खी शीट मराठी अंकांत भरून आणली होती. आर नावाचं सॉफ्टवेअर त्या अंकांना आकडा मानत नाही, सगळी मापं रिकामी दिसायला लागली आणि पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला.

कंट्रोल चार्ट म्हणजे काय? ड्रॉइंगवरच्या टॉलरन्सच्या दोन रेघा मारल्या आणि मधे ठिपके टाकले की झालं ना?

नाही, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. टॉलरन्स, म्हणजे माप किती कमी-जास्त चालेल ती हद्द, ग्राहकाने ठरवलेला असतो. तुमचं मशीन कसं चालतं याच्याशी त्याचा काही संबंध नाही. कंट्रोल चार्टवरच्या वरच्या-खालच्या रेघा मशीनच्या स्वतःच्या वागण्यातून निघतात: नेहमीसारखं चाललं तर मापं साधारण कुठून कुठवर फिरतील, एवढंच त्या सांगतात. माल टॉलरन्समध्ये असूनही चार्ट ओरडू शकतो आणि चार्ट गप्प असताना माल रिजेक्ट होऊ शकतो. दोन्ही मी पाहिलंय.

कल्पना वॉल्टर शेव्हार्ट यांची. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत असताना १६ मे १९२४ रोजी त्यांनी साहेबांना एक छोटं टिपण पाठवलं, त्यात पहिला कंट्रोल चार्ट होता. पुढे १९४७-४८ मध्ये महालनोबिसांच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या निमंत्रणावरून ते भारतातही येऊन गेले. म्हणजे ‘हे फॉरेनचं नवीन फॅड’ असं कोणी म्हणालं, तर आपल्याकडे ते फॅड स्वातंत्र्याच्या आसपास आलंय एवढं सांगा.

कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?

जे आधीच आहे ते. आर फुकट मिळतं, त्यात क्यूसीसी नावाचं पॅकेज टाकलं की गाळ्याला लागणारं जवळपास सगळं होतं. मिनीटॅब पैसे देऊन घ्यावं लागतं, पण मेनूवर चालतं आणि मोठ्या ग्राहकांकडे तेच असतं, त्यामुळे त्यांना फाइल पाठवायला बरं. स्टाटामध्ये यासाठी अगदी सुटसुटीत कमांड आहेत: एक्सचार्ट, आरचार्ट, पीचार्ट, सीचार्ट, आणि सरासरीचा व रेंजचा (मोठ्या-लहान मापांतल्या फरकाचा) चार्ट एकाखाली एक हवा असेल तर शेव्हार्ट. हो, कमांडचं नावच ते. एसएएसमध्ये प्रॉक शेव्हार्ट, पण तो क्यूसी नावाच्या वेगळ्या भागात येतो, तो भाग तुमच्या लायसन्समध्ये आहे का ते आधी बघा. एसपीएसएसमध्ये एसपीचार्ट.

सगळे चार्ट दिसायला सारखेच. फरक असतो तो न सांगता गृहीत धरलेल्या गोष्टींत, आणि पुढची बरीच उत्तरं त्याबद्दलच आहेत.

कमांड बरोबर दिली तरी चार्ट भलताच येतो किंवा एरर येते. असं का?

दहातल्या आठ वेळा डेटाची मांडणी चुकलेली असते. दर तासाला पाच नग मोजता असं धरू. मांडणी दोन तऱ्हेची होऊ शकते. आडवी, म्हणजे एका तासाची एक ओळ आणि ओळीत पाच मापं. किंवा उभी, म्हणजे सगळी मापं एकाच रकान्यात आणि शेजारच्या रकान्यात तासाचा नंबर.

स्टाटाला आडवी लागते. रकान्यांची नावं एम१ ते एम५ ठेवली असतील, तर कमांड नुसती ‘शेव्हार्ट एम१-एम५’, बाकी काही नाही. एसएएसला उभी लागते: ‘एक्सआरचार्ट माप*तास’, आणि डेटा तासाच्या क्रमाने लावलेला हवा. आरच्या क्यूसीसी कमांडला आडवं कोष्टक द्यायचं आणि टाइपमध्ये एक्सबार (सरासरीचा चार्ट) किंवा आर (रेंजचा चार्ट) लिहायचं. उभा डेटा असेल तर आधी क्यूसीसी.ग्रुप्स या कमांडने आडवा करून घ्यायचा. पॅकेजच्या नव्या आवृत्तीत याच कमांडच्या नावातला मधला टिंब काढलाय, म्हणून इंटरनेटवरून उचललेली कमांड कधीकधी ‘असं काही सापडत नाही’ म्हणते. मिनीटॅब दोन्ही चालवून घेतं, फक्त डायलॉगमध्ये वरच विचारतं की मापं एका रकान्यात आहेत की ओळीत. ते न वाचता ओके दाबणारे बरेच.

एरर आली तर उलट नशीब समजा. मांडणी चुकूनही चार्ट निघाला, तर तो भिंतीवर लागतो.

ही कमांड आत नेमकं काय गणित करते? एकदा कागदावर दाखवा.

दाखवते. २५ मिमीचा शाफ्ट, टॉलरन्स उणे-अधिक ०.०५. दर तासाला लागोपाठचे पाच नग मोजले, असे २५ तासांचे गट झाले. समजा सगळ्या गटांच्या सरासरींची सरासरी आली २५.००८. प्रत्येक गटात मोठ्यातून लहान माप वजा केलं की रेंज, आणि सगळ्या रेंजची सरासरी समजा ०.०२६.

पाचच्या गटासाठी तक्त्यात एक गुणक असतो, ०.५७७. तो ०.०२६ ने गुणला की ०.०१५. म्हणजे सरासरीच्या चार्टच्या रेघा २५.०२३ आणि २४.९९३. रेंजच्या चार्टसाठी गुणक २.११४, वरची रेघ ०.०५५, खालची शून्य. संपलं.

०.५७७ कुठून आला? पाचच्या गटाची सरासरी रेंज २.३२६ ने भागली की एकेका नगाच्या चढउताराचा, म्हणजे सिग्माचा अंदाज मिळतो: आपल्याकडे ०.०११२. पाचच्या सरासरीचा चढउतार त्याहून कमी, पाचच्या वर्गमुळाने भागायचा. त्याची तिप्पट घेतली की तेच ०.०१५. गट चारचा असेल तर गुणक ०.७२९ आणि २.२८२. हे तक्ते पाठ करायची गरज नाही, पण नवीन सॉफ्टवेअर हाती आलं की एक चार्ट असा कॅल्क्युलेटरवर काढून ताडून बघा. वीस मिनिटं लागतात.

ताडताना तिसऱ्या दशांशात फरक दिसला तर घाबरू नका. सिग्माचा अंदाज रेंजवरून काढतात तसा गटांच्या स्टँडर्ड डेव्हिएशनवरूनही (मापं सरासरीपासून किती पसरलीत त्या आकड्यावरूनही) काढता येतो. मिनीटॅबमध्ये एक्सबार-आर असा जोडचार्ट मागितला तर ते रेंज वापरतं, नुसता एक्सबार मागितला तर सगळ्या गटांचं एकत्रित स्टँडर्ड डेव्हिएशन. डेटा तोच, मेनूवरची ओळ वेगळी, रेघा किंचित वेगळ्या.

गटात नग कुठले घ्यायचे? दिवसभरातले कुठलेही पाच चालतील का?

मला एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायची मुभा असती तर याचंच दिलं असतं. कारण कमांडला हे कळतच नाही. तुम्ही एका ओळीत जे ठेवाल, तो एक गट, असं ती मानते. आणि रेघांची रुंदी गटाच्या आतल्या फरकावरून ठरते.

आमच्याकडे नायलॉनच्या बुशचा चार कॅव्हिटीचा, म्हणजे चार पोकळ्यांचा मोल्ड आहे. एका शॉटमध्ये चार नग पडतात. इन्स्पेक्टरने दर तासाला एक शॉट उचलायचा, चारही नग मोजायचे, चारचा गट. दिसायला अगदी शास्त्रशुद्ध. चार्ट इतका छान यायचा की मी तो ऑडिटरला कौतुकाने दाखवायचे: सगळे ठिपके मधल्या रेघेला गुळाला मुंगळे चिकटावेत तसे चिकटलेले. चार महिने असंच चाललं. मग ग्राहकाकडून बुश सैल बसतोय म्हणून आख्खा लॉट परत आला.

मी शीट काढून बसले आणि गटांऐवजी कॅव्हिटीप्रमाणे आकडे लावले. तीन नंबरची कॅव्हिटी बाकीच्यांपेक्षा चार शतांश मिमी लहान माल देत होती, दर तासाला, न चुकता. त्यामुळे प्रत्येक गटाची रेंज पाच शतांशाच्या आसपास. रेघा कुठे पडणार? ०.७२९ गुणिले ०.०५, म्हणजे सरासरीच्या दोन्ही बाजूंना साडेतीन शतांशांहून जास्त. आणि गटाची सरासरी एका तासातून दुसऱ्या तासात जेमतेम एखाद्या शतांशाने हलत होती. एवढ्या रुंद रेघांमध्ये ती अडकणार कशाला? चार्ट शांत होता कारण मीच त्याला बहिरं केलं होतं.

चारही कॅव्हिटींचे वेगवेगळे चार्ट काढल्यावर तीन नंबरचं माप आठवड्यागणिक खाली सरकताना उघड दिसलं. मोल्ड उघडला तर त्या बाजूच्या पाण्याच्या चॅनेलमध्ये क्षार साठलेले. टँकरचं पाणी, दुसरं काय. कॅव्हिटी गरम राहायची, नायलॉन जास्त आकसायचं, नग लहान.

तेव्हापासून एकच कसोटी लावते. गटातल्या नगांमध्ये जो फरक असेल तो ‘हा तर असणारच’ म्हणून सोडून द्यायला तुम्ही तयार आहात का? असाल तर तो गट बरोबर. लेथवर लागोपाठचे पाच नग घेतात ते यासाठीच. दोन मशीनचा माल एकाच ट्रेमध्ये पडत असेल तर मोजायच्या आधी वेगळा करा. आणि ठिपके सलग पंधरा वेळा मधल्या रेघेच्या एका सिग्माच्या आतच घुटमळत असतील तर खूश होऊ नका, गट तपासा.

आमच्याकडे दिवसाला एकच रीडिंग होतं. एकाचा गट कसा करणार?

करायचा नाही. प्रत्येक रीडिंगचा एक चार्ट आणि लागोपाठच्या दोन रीडिंगमधल्या फरकाचा दुसरा. मिनीटॅबमध्ये आय-एमआर, एसएएसमध्ये आयआरचार्ट, क्यूसीसीमध्ये टाइप एक्सबार.वन.

इथे एक्सेलवाले हमखास घसरतात. सरळ स्टँडर्ड डेव्हिएशनचा फॉर्म्युला लावतात, तीनने गुणतात, रेघा मारतात. निकेल प्लेटिंगच्या बाथचे दहा दिवसांचे पीएच घ्या: ४.१, ४.२, ४.०, ४.१, ४.२, ४.५, ४.६, ४.५, ४.४, ४.६. सहाव्या दिवशी काहीतरी बदललंय हे शाळकरी पोरालाही दिसेल. सरासरी ४.३२. आता लागोपाठच्या फरकांची सरासरी काढा, ०.१४४ येते. गुणक २.६६, म्हणजे रेघा सरासरीपासून ०.३८ वर आणि खाली. साधं स्टँडर्ड डेव्हिएशन येतं ०.२२५, त्याची तिप्पट ०.६८. जवळजवळ दुप्पट रुंद! कारण सहाव्या दिवशीची उडीसुद्धा त्यात ‘नेहमीचा चढउतार’ म्हणून मोजली गेली. उद्या पीएच ४.८ आला, तर पहिल्या चार्टवर तो रेघेबाहेर पडेल. दुसऱ्यावर आरामात आत बसेल, आणि तुम्हीही आरामात बसाल.

(दहा रीडिंग समजावण्यापुरती. रेघा ठरवायला निदान वीस-पंचवीस हवीत.)

मापं नाहीत, नुसतं ‘इतके पास, इतके रिजेक्ट’ एवढंच आहे.

पी चार्ट, म्हणजे रिजेक्ट मालाच्या प्रमाणाचा. स्टाटात ‘पीचार्ट रिजेक्ट दिवस तपासलेले’ असे तीन रकाने त्याच क्रमाने द्यायचे. क्यूसीसीत टाइप पी आणि साइझेसमध्ये तपासलेल्या नगांचा रकाना. दोन्हीकडे रिजेक्ट म्हणजे नगांची संख्या, टक्के नाहीत. टक्केवारी भरली तर सॉफ्टवेअर ती नगच समजतं, तक्रार करत नाही.

रेघा दररोज वरखाली होऊन जिन्यासारख्या दिसल्या तर ती चूक नव्हे. सरासरी रिजेक्शन ४ टक्के असेल, तर २०० नग तपासलेल्या दिवशी वरची रेघ साधारण ८.२ टक्क्यांवर आणि ५० नग तपासलेल्या दिवशी १२.३ वर. पन्नासात पाच रिजेक्ट म्हणजे १० टक्के, ते चालून जाऊ शकतं. दोनशेत वीस म्हणजेही १० टक्केच, पण ते नाही चालत. मालकांना हे पटवायला वेळ लागतो. जिना अगदीच नको असेल तर स्टाटात स्टॅबिलाइज्ड असा पर्याय आहे, रेघा सरळ होतात, पण मग उभ्या अक्षावर टक्के दिसत नाहीत आणि सुपरवायझर विचारतो हे काय.

एका नगावरचे दोष मोजत असाल, म्हणजे पत्र्यावरचे ओरखडे वगैरे, तर सी चार्ट. पत्र्यांचे आकार वेगवेगळे असतील तर यू.

दर महिन्याला नवीन डेटा टाकून कमांड चालवते. रेघा दर महिन्याला बदलतात. बरोबर आहे ना?

नाही हो. ही दुसरी मोठी चूक, आणि हिच्यात सॉफ्टवेअर तुम्हाला मदत करतं. कमांड नुसती चालवली की ती समोरच्या डेटावरूनच रेघा काढते. माप हळूहळू सरकत असेल तर रेघाही त्याच्या मागोमाग सरकतात. लोकल दहा मिनिटं उशिरा येते म्हणून टाइमटेबलच दहा मिनिटं पुढे ढकललं, तर गाडी कायम वेळेवर!

पद्धत अशी. आधी पंचवीसेक गट घ्या, चार्ट काढा, रेघेबाहेर गेलेल्या ठिपक्यांचं कारण शोधा. कारण सापडलं आणि दुरुस्त झालं, तरच तो गट वगळा. सापडलं नाही तर राहू द्या, नुसता डोळ्याला खुपतो म्हणून काढू नका. मग येणाऱ्या रेघा गोठवा आणि पुढचा डेटा त्याच रेघांवर बसवा. क्यूसीसीत जुना डेटा पहिल्या जागी आणि नवा न्यूडेटामध्ये दिला की हे आपोआप होतं. या पॅकेजसोबत पिस्टनरिंग्ज नावाचा सरावाचा डेटा येतो, पाच-पाच मापांचे ४० गट. पहिल्या २५ वरून रेघा काढायच्या, पुढचे १५ तपासायचे. आजच करून बघा. स्टाटात मीन आणि एसटीडी या पर्यायांत आकडे स्वतः द्यायचे. एसएएसमध्ये आउटलिमिट्सने रेघा एका फाइलीत साठवायच्या आणि पुढच्या वेळी लिमिट्स म्हणून तीच फाइल द्यायची. मिनीटॅबमध्ये ऑप्शन्सखाली पॅरामीटर्स.

रेघा पुन्हा काढायच्या केव्हा? मशीन, मटेरियल किंवा पद्धत खरोखर बदलली आणि तो बदल तसाच राहणार असेल तेव्हा. महिना संपला हे कारण नव्हे.

एकच डेटा. मिनीटॅबने दोन ठिपके लाल केले, क्यूसीसीने पाच पिवळे. खरं कोण?

दोघंही. नियम वेगळे. रेघेबाहेरचा ठिपका सगळेच पकडतात. प्रश्न येतो तो ‘एकाच बाजूला सलग इतके’ या नियमाचा. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या १९५६ च्या नियमांत सलग ८, नेल्सनच्या १९८४ च्या यादीत ९ आणि मिनीटॅबही ९ धरतं, क्यूसीसी मुळात ७ धरतं. आकडा सगळीकडे बदलता येतो. स्टाटाचं एक्सचार्ट असे नियम लावतच नाही, ठिपके तुम्हीच मोजायचे.

म्हणून मिनीटॅबच्या सगळ्या आठ चाचण्यांवर टिक करायची का? मी करत नाही. नुसता तीन सिग्माचा (रेघेबाहेरच्या ठिपक्याचा) नियम लावला तर सगळं ठीक असताना सरासरी ३७० ठिपक्यांमागे एकदा खोटी घंटा वाजते. वेस्टर्न इलेक्ट्रिकचे चारही नियम एकत्र लावले की तीच घंटा ९२ ठिपक्यांमागे एकदा. तासाला एक ठिपका आणि दोन शिफ्ट धरल्या तर आठवड्यातून एकदा कोणीतरी उगाच मशीन थांबवणार. तिसऱ्या आठवड्यात ऑपरेटर चार्टकडे बघणं सोडून देतो, आणि त्याचं काही चुकत नाही. मी दोनच ठेवलेत: रेघेबाहेर एक, आणि एका बाजूला सलग ८.

ठिपका जरा वर गेला की आमचा ऑपरेटर लगेच ऑफसेट देतो, म्हणजे टूल थोडं सरकवतो. जागरूक आहे ना?

जागरूक आहे, आणि माल बिघडवतोय. नग एक शतांश मोठा आला, त्याने एक शतांश कमी केलं. पण तो नग मोठा आला तो नेहमीच्या चढउतारामुळे. पुढचा नग कदाचित आपणहून लहान येणार होता, आता आणखीच लहान येतो. मग तो उलटा ऑफसेट देतो. क्वालिटीचे गुरू डेमिंग नरसाळ्याचा प्रयोग करून दाखवायचे तो हाच. प्रत्येक नगामागे असं पूर्ण दुरुस्त करत गेलं, तर व्हेरियन्स (स्टँडर्ड डेव्हिएशनचा वर्ग) दुप्पट होतो, म्हणजे पसारा सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो.

चार्टवर हे करवतीच्या दात्यांसारखं दिसतं: वर, खाली, वर, खाली. आमच्या रात्रपाळीचा चार्ट वर्षभर असाच होता. ते काका तीस वर्षं लेथवर आहेत, त्यांना ‘हात लावू नका’ कसं सांगायचं? मी एक रात्र थांबले आणि म्हटलं, काका, आज फक्त लिहून ठेवा, ऑफसेट मी सांगेन तेव्हाच. सकाळी त्यांनीच दोन्ही कागद शेजारी धरले, बराच वेळ बघितले आणि म्हणाले, “म्हणजे आजवर मी मशीनशी भांडत होतो होय?”

टूल झिजून माप एकाच दिशेने सरकतं, ती गोष्ट वेगळी. तिथे ऑफसेट द्यावाच लागतो, पण ठरलेल्या नगांनंतर, आणि दिला की चार्टवर खूण करून.

रेंजच्या चार्टवर ठिपके फक्त तीनच उंचीवर बसतात. सॉफ्टवेअर बिघडलंय?

व्हर्नियर वापरताय का? ०.०२ लीस्ट काउंटच्या (त्याहून बारीक न मोजणाऱ्या) व्हर्नियरने वरचा शाफ्ट मोजला, तर रेंज शून्य, ०.०२ किंवा ०.०४ एवढीच येऊ शकते, कारण वरची रेघच ०.०५५ ला आहे. मायक्रोमीटर घ्या. रेंजच्या रेघेखाली निदान पाच पायऱ्या तरी बसल्या पाहिजेत.

मापाचंच चाललंय तर मुंबईच्या हवेबद्दलही. पोलाद दर अंश सेल्सियसला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. २५ मिमीचा शाफ्ट मशीनमधून दहा अंश गरम बाहेर आला तर सुमारे ३ मायक्रॉन मोठा. पाच शतांशांच्या टॉलरन्सला काही फरक पडत नाही, एका शतांशाच्या टॉलरन्सला पडतो. नायलॉनची तर बातच सोडा. ते हवेतलं पाणी पितं आणि फुगतं. जुलैत सकाळी काढलेला बुश लगेच मोजला काय आणि दोन दिवसांनी मोजला काय, आकडा तोच नसतो. मोजायची वेळ एकदा ठरवा आणि बारा महिने तीच पाळा.

माप इतकं हळू सरकतं की चार्टला कळतच नाही.

मग क्यूसम किंवा ईडब्ल्यूएमए या जातीचे चार्ट. दोन्ही मागच्या ठिपक्यांची आठवण ठेवतात. एकेरी रीडिंगच्या साध्या चार्टला एक सिग्माचं सरकणं पकडायला सरासरी ४४ ठिपके लागतात, क्यूसमला नेहमीच्या मांडणीत दहाच्या आसपास. क्यूसीसीमध्ये या दोन्हींच्या याच नावाच्या कमांड आहेत. पण ऑपरेटरला ते समजावणं कठीण जातं. मी ते केबिनमध्ये ठेवते, मशीनवर साधाच चार्ट लावते.

ग्राहक सीपीके मागतो. तोही याच कमांडमधून निघतो का?

निघतो, पण चार्ट ताब्यात असल्याशिवाय काढू नका. सीपी म्हणजे टॉलरन्सच्या मानाने पसारा किती, आणि सीपीकेमध्ये सरासरी मध्यापासून किती सरकली तेही धरतात. क्यूसीसीमध्ये प्रोसेस.कॅपॅबिलिटी, तिला चार्ट आणि टॉलरन्सच्या दोन हद्दी द्यायच्या. वरच्या शाफ्टचा सीपी ०.१० भागिले सहा सिग्मा, म्हणजे १.४९. पण सरासरी ०.००८ ने वर सरकलेली आहे, म्हणून सीपीके १.२५. बहुतेक ग्राहक १.३३ मागतात, ऑटोवाले नव्या पार्टला १.६७. सेटरला सरासरी बरोबर २५.००० वर आणायला सांगितली की १.३३ पार होतो, १.६७ नाही. त्यासाठी पसाराच कमी करावा लागेल, आणि ते ऑफसेटचं काम नव्हे.

एक्सेलमध्ये होणार नाही का?

होतं. अ‍ॅव्हरेज, मॅक्स, मिन आणि एक लाइन चार्ट, एवढंच लागतं. रेघांच्या सेलना डॉलरचं चिन्ह लावून कुलूप घाला, नाहीतर फॉर्म्युला खाली ओढताना रेघाही चालू लागतात.

ऑडिट उद्या आहे आणि मागच्या दोन महिन्यांचे चार्ट भरायचे राहिलेत…

पुढचं वाक्य मला ऐकू आलं नाही. एवढंच सांगते की टेबलावर बसून बनवलेला डेटा कमांडमधून गेला की उघडा पडतो. माणूस स्वतःच्या मनाने आकडे लिहितो तेव्हा शेवटचा अंक शून्य किंवा पाच जास्त येतो, रेंज संशय यावा इतकी सारखी राहते आणि टूल बदललेल्या दिवशीही माप हलत नाही. अनुभवी ऑडिटर आधी रेंजचाच चार्ट बघतो. रिकामी जागा रिकामीच ठेवा आणि शेजारी कारण लिहा.

चार्टच्या फाइली कशा ठेवू?

चार्टचं चित्र नव्हे, कमांड ठेवा. आरमध्ये स्क्रिप्ट, स्टाटात डू-फाइल, मिनीटॅबमध्ये निदान प्रोजेक्ट फाइल. मेनूतून क्लिक करत काढलेला चार्ट सहा महिन्यांनी तुम्हालाच पुन्हा काढता येणार नाही. फाइलीच्या नावात मशीन नंबर, पार्ट नंबर आणि वर्ष आधी, मग महिना, मग दिवस अशी तारीख, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. आणि स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत टीप: या रेघा कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतच्या डेटावरून काढल्या, कुठले गट वगळले, का वगळले, आणि गोठवल्या कोणी.